आज्ञा, परिवेश आणि नोंदवही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जयनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा, वक्त्याने स्वतः तपासून दिलेला मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात आपणांसमोर चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी कार्यकारिणीचा मनःपूर्वक आभारी आहे. चिटणीस निमंत्रण घेऊन घरी आले, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "अहो, मी साधा बी. ए. झालेला माणूस. सारी नोकरी केंद्र सरकारच्या फायलींत गेली. या बंगळूर शहरात संगणकावर बोलणाऱ्यांची का वाण आहे?" त्यावर ते म्हणाले, "साहेब, अभियंते बोलतात ते आमच्या ज्येष्ठांना समजत नाही. तुम्ही बोललात तर निदान सगळ्यांना सारखेच समजेल." या वाक्यात माझी स्तुती होती की आणखी काही, याचा निर्णय मी अद्याप लावलेला नाही. असो.

विषयाचे नाव जरा बोजड वाटेल. संगणकाला आपण जी आज्ञा देतो, तिचा अर्थ भोवतालच्या परिस्थितीनुसार बदलतो. ती परिस्थितीही आज्ञेनेच बदलता येते. आणि असा बदल करणाऱ्याने त्याची नोंद ठेवली नाही, तर काय अनर्थ ओढवतो, हे मला सांगायचे आहे. त्या अनर्थाचा मी केवळ साक्षीदार नाही. मीच त्याचा कर्ता होतो. म्हणून हे व्याख्यान काहीसे कबुलीजबाबासारखे आहे, असे समजावे.

प्रारंभ आपल्या या वस्तीपासूनच करतो. १९४८ साली पायाभरणी झालेले हे जयनगर आखीव-रेखीव आहे. ब्लॉक, मेन आणि क्रॉस अशा तीन आकड्यांत माणसाचे घर सापडते. परंतु नव्याने बदलून आलेल्या माणसाने रिक्षावाल्याला नुसते "अकरावा मेन" म्हणून सांगितले, तर काय होते? अकरावा मेन जयनगरात आहे, तसाच तो या शहराच्या इतर वस्त्यांतही आहे. जयनगरात उभे राहून सांगाल तर चौथ्या ब्लॉकच्या बाजारपेठेकडे पोचाल. दुसऱ्या वस्तीत उभे राहून तेच शब्द उच्चाराल तर भलतीकडेच. शब्द तेच, उच्चार तोच, रिक्षावालाही प्रामाणिक. बदलला तो केवळ न उच्चारलेला भाग. बोलणारा तो गृहीत धरतो, ऐकणाराही गृहीत धरतो, आणि दोघांची गृहीते एक नसली की प्रवास चुकतो.

संगणकाच्या भाषेत या न उच्चारलेल्या भागाला "एन्व्हायर्नमेंट" म्हणतात. मी त्याला परिवेश म्हणेन. त्यात ज्या नावानिशी किमती साठवलेल्या असतात, त्यांना परिवेश-चले म्हणू. आज मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवले की काम होते; परंतु पडद्यामागे, बँकांत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत, आजही कितीतरी काम काळ्या पाटीवर एकेक ओळ लिहून आज्ञा देण्याच्या पद्धतीने चालते. या पद्धतीला कमांड लाइन म्हणतात. अशा प्रत्येक आज्ञेबरोबर परिवेश-चलांचे एक गाठोडे मुकाट्याने दिले जाते. आज्ञा आपण लिहितो. गाठोडे आपल्याला दिसत नाही.

ही व्यवस्था फार जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्स या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ साली, ती आज आपण ओळखतो त्या रूपात आली. स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला "शेल", म्हणजे आपल्या आज्ञा ऐकून त्या पुढे पोचविणारा मध्यस्थ, त्याच आवृत्तीबरोबर बाहेर पडला. आजच्या लिनक्सपर्यंत ती रीत जवळजवळ तशीच चालत आलेली आहे.

या गाठोड्याविषयीचा मुख्य नियम एकच आहे, आणि तो आपल्यासारख्या, गाव सोडून आलेल्या माणसांना चटकन उमगेल. एक आज्ञावली दुसरीला जन्म देते, तेव्हा जननी आपल्या गाठोड्याची एक प्रत अपत्याला देते. मूळ गाठोडे आपल्याजवळ ठेवते. अपत्याने आपल्या प्रतीत हवे ते बदल करावेत. जननीच्या गाठोड्यात त्यामुळे काडीचाही फरक पडत नाही. मुलगी बदलीच्या गावी गेली आणि आमटीत गूळ घालायचे तिने सोडून दिले, म्हणून सांगलीच्या घरची आमटी बदलत नाही. तसेच, मुलगी निघून गेल्यावर आईने घरची रीत बदलली, तर ती मुलीपर्यंत आपोआप पोचत नाही. जे काही दिले गेले, ते निघण्याच्या क्षणी दिले गेले.

या एका नियमातून नवशिक्यांना चकविणाऱ्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो. शेलमध्ये एखाद्या चलाला नुसती किंमत दिली, तर ती त्या शेलपुरतीच राहते. पुढच्या अपत्यांच्या गाठोड्यात ती जावी असे वाटत असेल, तर "एक्स्पोर्ट" ही आज्ञा द्यावी लागते. एकाच आज्ञेपुरता बदल हवा असेल, तर आज्ञेच्या आधी, त्याच ओळीत, चल आणि किंमत लिहावी. ती आज्ञा संपली की बदलही संपला. "अनसेट" म्हटले की चल नाहीसे होते. "एन्व्ह" म्हटले की सगळे गाठोडे उघडून समोर ठेवले जाते. आणि बदलांच्या दहा ओळी एका फायलीत लिहून ती फाइल नेहमीप्रमाणे चालवली, तर काहीच बदलत नाही! कारण ती अपत्य म्हणून चालते, आपल्या प्रतीत बदल करते आणि त्या प्रतीसह लयाला जाते. तीच फाइल "सोर्स" या आज्ञेने वाचून घेतली, तर मात्र त्या ओळी आपल्याच शेलमध्ये अमलात येतात. कित्येक तरुण या एका मुद्द्यावर संध्याकाळ घालवताना मी पाहिले आहेत.

विंडोजवर आणखी एक गंमत आहे. तेथे "सेट" ही आज्ञा चालू खिडकीपुरती असते. "सेटएक्स" ही आज्ञा पुढे उघडणाऱ्या सर्व खिडक्यांसाठी असते. परंतु ज्या खिडकीत ती दिली, तिला तिचा पत्ता नसतो! शिवाय १०२४ अक्षरांपलीकडची किंमत ती कापून टाकते. साधने कोठे शोधावीत हे सांगणारे "पाथ" नावाचे चल लांबलचक असते. त्यात एक नवे नाव जोडण्यासाठी ही आज्ञा द्यावी, आणि शेपटाकडची जुनी नावे नाहीशी व्हावीत, असे प्रकार घडलेले आहेत. आदल्या दिवशी चालणारे साधन दुसऱ्या दिवशी "मी कोणी नव्हेच" असे सांगते, ते यामुळे.

आता माझ्या अपराधाकडे येतो.

२०१२ साली मी दुसऱ्या एका राज्यात, एका कार्यालयात होतो. कार्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. निवृत्तिवेतनधारकांच्या याद्या ठेवणे हे आमच्या शाखेचे काम. महागाई भत्त्याच्या थकबाकीची यादी आली की, सर्व निवृत्तांच्या मोठ्या यादीशी तिचा मेळ घालून देयके तयार होत. पूर्वी हा पडताळा दोन कारकून समोरासमोर बसून घेत. एकाकडे मोठी यादी, दुसऱ्याकडे लहान. दोन्ही याद्या क्रमवार लावलेल्या. दोघे आपापला क्रमांक पुकारीत. जुळला तर खूण करायची. न जुळला तर ज्याचा क्रमांक आधीचा, त्याने एक ओळ पुढे सरकायचे. संगणकावर हेच काम दोन छोटी साधने करीत. "सॉर्ट" हे साधन यादी क्रमाने लावी, आणि "जॉइन" हे साधन पुकारा करून जुळणी करी. सायंकाळी दुरुस्त्या आटोपल्या की मी स्वतः दोन्ही याद्या सॉर्ट करून ठेवीत असे. रात्री ठरलेल्या वेळी यंत्र आपण होऊन जॉइन चालवी. दोन वर्षे हे बिनबोभाट चालले होते.

ऑक्टोबर महिन्यात एका सकाळी एक वृद्ध बाई खिडकीशी आल्या. त्यांचे यजमान आमच्याच खात्यात चतुर्थ श्रेणीत होते. दोन बसगाड्या बदलून त्या आल्या होत्या. शेजारणीची थकबाकी जमा झाली, आपली झाली नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. मी यादी पाहिली. त्यांचे नाव नव्हते. थकबाकीच्या मूळ कागदावर मात्र होते. अधिक शोध घेतला तेव्हा अशी १४ नावे गळालेली आढळली. एकूण एक जुन्या मालिकेतील, म्हणजे वयाने सर्वांत वृद्ध.

अशा प्रसंगी सरकारी माणूस प्रथम काय करतो? तो जबाबदारी निश्चित करतो. नोंदी भरण्याचे काम एका तरुण लिपिकाकडे होते. नावे त्यानेच गाळली असावीत, असे धरून मी त्याच्याकडून लेखी खुलासा मागविला. त्याने दोन ओळींत लिहिले की, "मी सर्व नोंदी केल्या आहेत, नावे कशी गेली ते मला ठाऊक नाही." मला तो खुलासा उद्धटपणाचा वाटला, हे येथे प्रांजळपणे सांगतो.

मी स्वतः दिवसा दोन्ही साधने पुन्हा चालवून पाहिली. सर्व नावे जुळली! रात्री यंत्राने चालवले की पुन्हा १४ नावे गायब. याद्या त्याच, साधने तीच. तीन रात्री मी जागून काढल्या. चौथ्या दिवशी, दिवसाच्या नि रात्रीच्या परिवेशाची दोन गाठोडी "एन्व्ह" या आज्ञेने उघडून शेजारी शेजारी ठेवली, आणि दिव्याखालचा अंधार दिसला. दिवसाच्या गाठोड्यात "लँग" नावाचे चल हिंदीवर लावलेले होते. रात्रीच्या गाठोड्यात ते मुळी नव्हतेच. ठरलेल्या वेळी काम करणारी यंत्रणा आपल्या लॉगिनची फाइल वाचीत नाही; ती अगदी किरकोळ शिदोरी बांधून निघते.

या चलाचा क्रमाशी संबंध काय? जुन्या मालिकेतील क्रमांकांत अक्षर आणि आकडा यांच्यामध्ये आडवी रेघ असे; नव्या मालिकेत नसे. परिवेशात भाषेचा उल्लेख नसेल, तर संगणक केवळ चिन्हांचे सांकेतिक आकडे पाहून क्रम लावतो, आणि त्या क्रमात आडवी रेघ सर्व आकड्यांच्या आधी येते. भाषेचा उल्लेख असेल, तर त्या यंत्रावरील नियमांनुसार पहिल्या तुलनेत ती रेघ जणू नाहीच असे धरले जाई. म्हणजे मी दिवसा एका नियमाने याद्या लावून ठेवीत होतो आणि रात्री पुकारा करणारा दुसऱ्या नियमाने "कोणाचा क्रमांक आधी" हे ठरवीत होता. लहान यादीत रेघेचा क्रमांक समोर आला, आणि मोठ्या यादीत त्याच्या आधी बिनरेघेचा, थकबाकी नसलेला एखादा क्रमांक उभा असला, की पुकारा करणारा रेघेच्या क्रमांकाला मागे पडलेला समजून ओलांडून जाई. नवऱ्याच्या क्रमांकात एक आडवी रेघ होती, म्हणून त्या बाईंना पैसे मिळाले नव्हते. याद्या क्रमाने नाहीत, असा इशारा जॉइनने दर रात्री दिला होता. परंतु तो ज्या टपालपेटीत पडे, ती कोणी उघडीतच नसे.

आता प्रश्न उरला तो हा की, लॉगिनच्या फायलीत ती भाषेची ओळ घातली कोणी? दोन वर्षे तर ती नव्हती. फायलीचा दिनांक पाहिला. सप्टेंबरचा मध्य. हिंदी पंधरवडा! पडद्यावर देवनागरी नावे आणि हिंदी संदेश दिसावेत, तपासणीला येणाऱ्या साहेबांनी प्रसन्न व्हावे, म्हणून एका सायंकाळी ती एक्स्पोर्टची ओळ मीच घातली होती. नावे छान दिसली, पाठीवर थाप मिळाली, आणि ती ओळ मी विसरून गेलो. कोठेही टिपण केले नाही. ज्या खात्यात टाचणी मागवायची तरी तीन सह्या लागतात, तेथे १४ वृद्धांचे पैसे अडविणारी ओळ एका सहीवाचून घातली गेली.

त्या लिपिकाकडून मागविलेला खुलासा मी लेखी मागे घेतला आणि चूक माझी होती, असे त्याच फायलीवर लिहिले. १४ जणांची देयके त्याच आठवड्यात काढली. त्या बाई पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना खरे कारण सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "साहेब, झाले ना आता? मग झाले." क्षमा इतकी सोपी करून दिलेली माणसाला फार जड जाते.

नंतर मी त्या साधनांची माहितीपुस्तिका उघडली. सॉर्टच्या पुस्तिकेत, परिवेशातील भाषेनुसार क्रम बदलतो, जुना क्रम हवा असल्यास अमुक चलाला अमुक किंमत द्या, असा ठळक इशारा छापलेला होता. जॉइनच्या पुस्तिकेतही तुलना त्याच चलांच्या नियमाने होते असे लिहिलेले होते. म्हणजे लिहिणाऱ्यांनी लिहिले होते. वाचणाऱ्याने वाचले नव्हते. युनिक्सच्या परंपरेत साधनाच्या पुस्तिकेत परिवेशाचे स्वतंत्र प्रकरण देण्याची चांगली रीत आहे. त्यात ते साधन कोणकोणती चले पाहते हे सांगितलेले असते. अनेक चले एकाच विषयावर बोलत असली, तर कोणाचा शब्द अंतिम, हेही ठरलेले असते. भाषेच्या बाबतीत "एलसी-ऑल" हे चल सर्वांत वरिष्ठ. त्याच्या खाली क्रम, दिनांक, संदेश अशा विषयवार चलांचा मान. आणि कोणीच काही बोलले नसेल, तर "लँग" सांगेल ते. हुबेहूब सरकारी पदश्रेणीच!

यानंतर मला या विषयाचा छंदच जडला. त्यातील दोन उदाहरणे आपल्या मराठी माणसांच्या खास जिव्हाळ्याची आहेत.

पहिले कालमानाचे. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले परदेशी आहेत. कोठे किती वाजले हे ठरविणारे "टीझेड" नावाचे चल आहे. त्याला स्थानाचे नाव दिले की "डेट" ही आज्ञा त्या स्थानाची वेळ सांगते. साऱ्या भारताच्या वेळेला त्या सूचीत कलकत्त्याचे नाव आहे. २००८ साली तेथील लेखन बदलून "एशिया/कोलकाता" असे झाले, आणि जुने "कॅलकटा" हे नावही पर्यायी म्हणून चालू राहिले. एखाद्या मुंबईकराने अभिमानाने "एशिया/मुंबई" असे लिहिले तर? तसे नाव सूचीत नाही. परंतु लिनक्सवरील ती आज्ञा तक्रार करीत नाही, थांबतही नाही. ती मुकाट्याने ग्रिनिचची जागतिक वेळ सांगते, म्हणजे साडेपाच तासांनी मागची! चुकीच्या किमतीवर मौन पाळणारी साधने चूक ओरडून सांगणाऱ्या साधनांपेक्षा अधिक धोक्याची. जुन्या मुंबईकरांना दोन घड्याळांचा अनुभव नवा नाही, म्हणा. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी ३९ मिनिटांनी मागे असलेली "बॉम्बे टाइम" मुंबईत कित्येक दशके टिकून होती. त्या काळी वेळ सांगताना ती कोणती, हे सांगण्याची रीत होती. लोक परिवेश उच्चारीत असत!

दुसरे उदाहरण आपल्या "ळ" चे. शाळेत आपण काय शिकलो? य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. ळ हा ह नंतर. परंतु संगणकाच्या युनिकोड संकेतात देवनागरीची मांडणी १९८८ च्या "इस्की" या भारतीय मानकावरून घेतली गेली, आणि तेथे ळ हा ल च्या लगेच पुढे बसलेला आहे. परिवेशात भाषा न सांगता मंडळाची सभासदयादी लावली, तर काळे हे कावळे, काशीकर आणि कासार यांच्या आधी येतात. मराठी वर्णमालेचा नियम लावला, तर काळे या सर्वांच्या नंतर. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर. परंतु एक यादी पाहून दुसरीत नाव शोधणारा काळ्यांना हरवून बसेल. त्यातही मराठी परिवेश निवडला तरी त्या यंत्रावरील कोष्टकात ळ ची जागा कोठे दिली आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहून घेतलेले बरे. म्हणून मी सांगतो की, यादीच्या माथ्यावर ती कोणत्या नियमाने लावली हे लिहिलेले असावे. आपल्या मंडळाच्या यादीवर ते या वर्षापासून लिहिले जात आहे, याचा मला संतोष वाटतो.

हे सगळे किरकोळ वाटेल, म्हणून जगाला हादरविणारी एक घटना सांगतो. १९८९ साली जन्मलेल्या "बॅश" या अत्यंत लोकप्रिय शेलमध्ये एक सोय होती. परिवेश-चलाच्या किमतीत कृतीची व्याख्याच बांधून अपत्याला देता येई. स्टेफान शाझेला या संशोधकाला सप्टेंबर २०१४ मध्ये असे आढळले की, त्या व्याख्येच्या शेपटाला कोणी परक्याने एखादी आज्ञा जोडली, तर गाठोडे उघडताक्षणीच ती अमलात येते. आणि संकेतस्थळे चालविणारी अनेक यंत्रे तर पाहुण्याने पाठविलेला मजकूर परिवेश-चलांत भरून पुढे देत असत! २४ सप्टेंबर २०१४ रोजी हा दोष जाहीर झाला आणि जगभरातील यंत्रे घाईघाईने दुरुस्त करावी लागली. "शेलशॉक" या नावाने तो ओळखला जातो. सुमारे पंचवीस वर्षे हा दोष तसाच पडून होता. गाठोड्यात काय येऊ शकते आणि उघडणारा त्याचे काय करतो, या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र कोणी मांडून पाहिली नव्हती. याउलट "सुडो" नावाच्या आज्ञेचे उदाहरण घ्या. दुसऱ्याचा, बहुधा सर्वाधिकाऱ्याचा, अधिकार घेऊन काम करताना ही आज्ञा जुने गाठोडे बहुतांशी रिकामे करते आणि मोजकीच चले पुढे जाऊ देते. ही रीत तिच्या पुस्तिकेत नोंदलेली आहे. ज्याला ती ठाऊक नाही, त्याला वाटते की आपले चल हरवले. ज्याला ठाऊक आहे, त्याला संरक्षण लाभते.

मग नोंद करावी ती कशी? माझ्या नोंदवहीचा नमुना सांगतो. सहा रकाने पुरतात. पहिल्यात दिनांक आणि बदल करणाऱ्याचे नाव. दुसऱ्यात चलाचे नाव, जुनी किंमत आणि नवी किंमत. जुनी लिहिल्यावाचून नवी लिहू नये. तिसऱ्यात बदल कोणत्या आज्ञेने केला, आणि फायलीत केला असल्यास कोणत्या. चौथा रकाना व्याप्तीचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. बदल एका आज्ञेपुरता आहे, चालू शेल आणि त्याच्या अपत्यांपुरता आहे, की प्रत्येक नव्या लॉगिनला लागू होणारा आहे? रात्रीच्या कामाला तो लागू होतो का? पाचव्यात कोणत्या साधनांचे वर्तन त्यामुळे बदलते, आणि ते बदलल्याचे प्रत्यक्ष कसे पाहिले. सहाव्यात पूर्वस्थिती कशी आणावी.

पाचव्या रकान्याबाबत एक पथ्य आहे. ऐकीव लिहू नये. तेच साधन, तीच चार ओळींची छोटी यादी, एकदा चलाशिवाय आणि एकदा चलासहित चालवावी, आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी चिकटवावीत. "क्रमावर परिणाम होतो" या वाक्याने कोणाचेही डोळे उघडत नाहीत. "पूर्वी काळे पहिले येत होते, आता शेवटी येतात" या वाक्याने ते उघडतात. त्याचप्रमाणे, ज्या कामाचे उत्तर परिवेशावर अवलंबून राहता कामा नये, त्या कामाच्या फायलीत पहिल्याच ओळीला लागणारी चले स्पष्ट लिहून टाकावीत. न उच्चारलेले उच्चारावे, म्हणजे कोणत्याही वस्तीतून निघाले तरी रिक्षा योग्य अकराव्या मेनवर पोचेल.

कोणी विचारील, एवढा पसारा कोणासाठी? मी उत्तर देईन, आपल्या जागी येणाऱ्या माणसासाठी. केंद्र सरकारच्या नोकरीत दर काही वर्षांनी बदली ठरलेली. आपण जातो, आपण घातलेल्या ओळी मागे राहतात. नव्याने आलेल्याला आज्ञा दिसतात, परिवेश दिसत नाही. त्याला तो कोठून तरी कळला पाहिजे, नाहीतर तो एखाद्या निरपराध लिपिकाकडून खुलासा मागवील.

बंधुभगिनींनो, मंडळाचे काम याहून फार निराळे आहे, असे मला वाटत नाही. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे शहर. येथे मराठी काल-परवा आली असे नव्हे. आपणही घरून निघताना एक गाठोडे घेऊन आलो. गणपतीची आरती कोणत्या चालीत म्हणायची, पुरणात जायफळ की वेलदोडा, मोठ्या भावाला दादा म्हणायचे की अण्णा, हे सारे आपण न उच्चारता गृहीत धरतो. येथे त्यात कन्नडचे काही मिसळले, आणि ते गोडच झाले. परंतु आपल्या मुलांना मिळते ती आपल्या प्रतीची प्रत. त्यात काय जुने, काय आपण घातले, आणि ते का घातले, हे त्यांना कोण सांगणार? गेल्या पन्नास वर्षांत ज्यांनी मंडळाची इतिवृत्ते नियमाने लिहिली, त्यांनी ते काम केले आहे. उत्सवाची वेळ का बदलली, वर्गणी केव्हा वाढली, बालवर्ग कोणाच्या घरी भरत असे, हे त्या वह्यांत आहे. या स्मरणिकेतही त्यातील काही उतरेल.

माझी ती पहिली नोंदवही आजही माझ्याजवळ आहे. तिच्या पहिल्या पानावरची पहिली नोंद सप्टेंबर २०१२ च्या त्या ओळीची आहे. नोंद घटनेनंतर केलेली असल्यामुळे दिनांकापुढे "उशिरा नोंदली" असा शेरा मी स्वतःच्या हाताने घातला आहे. आपल्यापैकी कोणावर तो शेरा लिहिण्याची वेळ न येवो, एवढीच सदिच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय कर्नाटक!